आत्याला सिनेमात शूर केलंय, आणि आत्या चिडलीय

खाडीपलीकडची (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०:२०

प्रश्न विचारायचा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ लावणार आहे. सांभाळून घ्या.

मी राहते नेरुळला. माहेर उरण तालुक्यातलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पण नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या ९५ गावांपैकीच एक. सिडकोने शहर वसवायला घेतलं तेव्हा आजोबांची भातशेती त्यात गेली. १९८४ च्या जानेवारीत जासईला काय झालं ते इथल्या जुन्यांना सांगायला नको. नव्यांसाठी दोन ओळी: जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला, पाच जण गेले. आज ज्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर टॉवर उभे आहेत, ते साडेबारा टक्के, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळालेला वाटा, त्या आंदोलनातून आले.

गेल्या वर्षी काही तरुण मंडळी गावात आली. त्यावर सिनेमा करतायत. (कोण ते विचारू नका, अजून शूटिंगसुद्धा नाही.) सहा-सात घरांत बसली, रेकॉर्डिंग केलं. माझ्या आत्याकडे तर तीन दुपारी. आत्या आता सत्तरीची. बोलते छान आणि मधेमधे शिव्या घालते, त्यामुळे त्यांना फार आवडली.

आता स्क्रिप्टमधला तिचा भाग वाचायला पाठवलाय, सोबत सहीचा कागद. स्क्रिप्टमध्ये आत्या, खऱ्या नावानिशी, बायकांच्या घोळक्याच्या सगळ्यात पुढे. गोंधळात तिचा हात मोडतो. मोडका हात धरून ती मातीबद्दल पाऊण पानाचं भाषण करते. मला वाटलं, ऐकून खूश होईल. मी वाचत होते, ती परातीत पीठ मळत होती. हात थांबला. म्हणाली, "पुरं मी नाय. पुरं ती."

पुरं म्हणजे पुढं, आणि ती म्हणजे शेजारची. आत्या त्या सकाळी चुलीपाशी होती. बाहेरगावची माणसं आदल्या रात्रीपासून येऊन राहिलेली, त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. फडक्यात बांधून निघाली तेव्हा उशीर झाला होता. अर्ध्या वाटेत लोक उलटे पळत येताना भेटले. तिने पाहिलं ते एवढंच. भाकऱ्या तशाच घरी परत आल्या. त्या कुणाच्या घशाखाली उतरेनात, शेवटी गुरांना घातल्या.

हात मोडला तो शेजारणीचा. नीट जुळलाच नाही. त्यानंतर तिला भाकरी हातावर घेऊन थापता यायची नाही, परातीतच थापायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. म्हणजे सही मागायलाही कुणी नाही, आणि मला वाटतं गोम इथेच आहे.

आत्या सही करत नाही म्हणते. सिनेमावाले म्हणतात, अहो तुमचा मानच वाढतोय. चुलतभाऊ म्हणतो, करून टाक, कोण बघायला येतंय. आत्याचं म्हणणं, सगळं गाव येणार आहे बघायला.

वाईट दाखवलं तर माणूस भांडतो, कोर्टात जातो. चांगलं दाखवलं आणि ते खोटं असलं तर काय करायचं?

---

सुकट बोंबील | शनिवार, रात्री १०:४१

आत्यांना साष्टांग. बाकी नंतर लिहितो, पण तो मातीवरचा पाऊण पानी संवाद कुठल्या भाषेत लिहिलाय ते आधी सांगा. आमच्या आगरीत ड चा र होतो, ळ चा ल, ण चा न. गाडीची गारी, शाळेची शाला. पडद्यावर दोनच प्रकार दिसतात. एक तर शुद्ध पुणेरी, शेवटी 'गो' लावलेलं. नाहीतर विनोदी नटाने ओरडून बोललेलं, लोकांनी हसावं म्हणून. माझी आजी आयुष्यभर आगरी बोलली आणि त्यातला निम्मा वेळ ती गंभीर होती.

---

खाडीपलीकडची | शनिवार, रात्री १०:५५

@सुकट बोंबील, पुणेरी. 'गो' तीन वेळा आहे. मोजलं.

---

घंटाळीवाला | शनिवार, रात्री ११:३०

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

सिनेमा म्हणजे पंचनामा नव्हे. सव्वादोन तासांत प्रेक्षकाला कुणातरी एकीचा हात धरून चालावं लागतं. पाच बायकांची गोष्ट एकीच्या अंगावर घातली म्हणून आंदोलन खोटं होत नाही. तुमच्या आत्या त्या सगळ्या बायकांच्या वतीने पडद्यावर उभ्या राहणार आहेत असं बघा ना. कुणालाही अभिमान वाटेल. इतकी वर्षं या लढ्यावर कुणी फिरकलं नाही, आता कुणी करतंय तर आपणच पाय ओढायचे?

---

मीठागर | शनिवार, रात्री ११:४४

वतीने उभं राहायचं तर वतीने आहे असं सांगावं लागतं. इथे तर बाईचं खरं नाव लावून दुसरीचा हात मोडतायत.

---

तिसरी घंटा | रविवार, सकाळी ८:१५

मी नौपाड्यात राहतो. आधी गडकरी रंगायतनच्या विंगेत आयुष्य घालवलं, आता मालिका-सिनेमांचे संवाद लिहितो. त्यामुळे चोराच्या बाजूने दोन शब्द.

अनेक माणसं एकात मिसळणं आम्ही रोज करतो. नाइलाज असतो. एक कॅरॅक्टर वाढलं की एक नट, त्याचे दिवस, कपडे, व्हॅनिटी, सगळं वाढतं. निर्माता स्क्रिप्ट वाचताना पहिला प्रश्न विचारतो, ह्या दोघी एकच नाही का करता येणार? पण मिसळलेल्या कॅरॅक्टरला नाव नवीन द्यायचं हा साधा पाळण्याचा नियम आहे. खरं नाव लावलंत की ते माणूस जिथे नव्हतं तिथे त्याला न्यायचं नाही. या मंडळींना दोन्ही हवंय: मिसळायची मोकळीक, आणि वर 'सत्य घटनेवर आधारित'च्या पाटीखाली खऱ्या आत्या. प्रमोशनला त्यांना स्टेजवर बोलावतील बघा. शाल, श्रीफळ.

दुसरं, आपण 'हुबेहूब' म्हणजे काय समजतो? मेकअपवाल्याचं काम चांगलं झालं की आपण म्हणतो, अगदी तोच वाटतो! बाबासाहेबांवरच्या जब्बार पटेलांच्या चित्रपटात मामुटी होते. केरळचा नट, आणि सिनेमा इंग्रजीत. कागदावर बघाल तर सगळं उलटं. पण त्यांनी अभ्यास करणाऱ्या माणसाचा बसण्याचा, ऐकण्याचा डौल पकडला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. नाक जुळवणं सोपं. आजकाल तर ते तासाभरात जुळतं.

आणि नट जास्तच जमला तरी पंचाईत असते. १९३६ च्या 'संत तुकाराम'मधले विष्णुपंत पागनीस आठवा. नाटक मंडळीत स्त्रीभूमिका केलेला माणूस. तुकोबा इतके अंगात भिनले की पुढे कितीतरी घरांत तुकोबा म्हणून भिंतीवर जे चित्र लागलं त्यात चेहरा पागनीसांचा. तुकोबांना जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली होती, तक्रार कोण करणार? तुमच्या गावात मात्र शेजारीण आठवणारे अजून बसलेत. पुढच्या पिढीला पडद्यावरचीच आठवेल. आत्यांना नेमकं हेच खुपतंय असं मला वाटतं, त्यांनी ते दोन शब्दांत सांगितलं एवढंच.

---

काळा कोट | रविवार, सकाळी ११:०२

मी ठाणे कोर्टात असते. हा सल्ला नाही, गप्पा समजा. कागद प्रत्यक्ष वकिलाला दाखवा.

हयात माणसाबाबत आपल्याकडचा मोठा निकाल १९९४ चा, आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू सरकार. ढोबळ अर्थ असा: कोर्टाच्या वा सरकारी दप्तरात जे आलंय त्यावर कुणाच्या परवानगीशिवाय लिहिता येतं. त्यापलीकडचं खाजगी आयुष्य मांडायचं तर संमती हवी. आंदोलन सार्वजनिक आहे, ते कुणीही दाखवू शकतं. तुमच्या आत्यांनी स्वयंपाकघरात बसून सांगितलेलं सार्वजनिक नाही. म्हणून तो कागद आलाय. त्यात 'नाट्यमय बदल करण्याचा संपूर्ण अधिकार' अशा अर्थाचं कलम नक्की असेल. बघा.

त्याच वर्षी फूलनदेवीही आपल्यावरच्या सिनेमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. जिवंत बाई, आणि तिच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस तिला न विचारता पडद्यावर. शेवटी तडजोड झाली.

गेलेल्यांचं अवघड आहे. जयललितांवरच्या सिनेमाच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं की खाजगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांना तो जमिनीसारखा मिळत नाही. मृत व्यक्तीची बदनामी हा गुन्हा होऊ शकतो, पण त्यासाठी नातेवाइकांना दुखावण्याचा हेतू लागतो. शेजारणीला तर बदनाम केलेलंच नाही. पुसून टाकलंय. पुसण्याविरुद्ध कलम नाही.

'या चित्रपटातील सर्व पात्रे काल्पनिक असून' ही जी पाटी आपण लहानपणापासून वाचतो, तिची गोष्ट मजेशीर आहे. १९३२ मध्ये रशियाच्या झारच्या दरबारातल्या रास्पुतिनवर एक अमेरिकी सिनेमा आला. त्यातल्या राजकन्येचं नाव वेगळं ठेवलं होतं. पण सुरुवातीच्या पाटीत यातली काही माणसं अजून जिवंत आहेत असंही अभिमानाने लिहिलं होतं. रास्पुतिनला मारणाऱ्या युसुपोवची बायको आयरिना लंडनच्या कोर्टात गेली: सगळ्यांना कळतंय ती मीच, आणि सिनेमात दाखवलंय तसं माझ्याबाबतीत काही घडलेलं नाही. १९३४ मध्ये तिला २५ हजार पौंड मिळाले. त्यानंतर ती पाटी सगळीकडे चिकटली. @तिसरी घंटा, नाव बदललं म्हणजे सुटलो असं नसतं. गावाने ओळखलं तर ओळखलंच.

---

तिसरी घंटा | रविवार, सकाळी ११:२०

मान्य. पण निदान प्रमोशनला शाल तरी चुकते.

---

पोलीस लाईन | रविवार, दुपारी ४:५०

लिहू की नको असा विचार करत होतो.

माझे वडील तेव्हा खात्यात होते. त्या दिवसांत बंदोबस्ताला होते. कुठे, ते लिहीत नाही. त्यांच्या हातात काठी होती, बंदूक नव्हती, आणि हे मी आयुष्यभर सांगत आलोय म्हणजे ते मला किती टोचतं ते समजा. आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं. तिथे आमचीही जमीन धरणात गेलेली. वडील घरी आले, गणवेश न काढता मोरीत बराच वेळ बसून होते. आई हाका मारत होती. मी आठ वर्षांचा. त्यानंतर त्यांनी उरण हा शब्द घरात काढला नाही.

गोळीबार चूक होता असं माझं मत आहे, ते लपवत नाही. पण सिनेमात आम्ही कायम खाकी भिंत असतो. चेहरा असलाच तर पान खाणारा, हसणारा इन्स्पेक्टर. धागाकर्तीच्या आत्या नसलेलं शौर्य नको म्हणतायत. तसंच नसलेलं क्रौर्य कुणी नको म्हटलं तर त्याचं कोण ऐकणार? वडील २०११ मध्ये गेले.

---

मीठागर | रविवार, संध्याकाळी ५:३२

@पोलीस लाईन, माझे काका त्या रस्त्यावर होते. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दोन्ही एका तराजूत घालता येणार नाहीत, एवढं म्हणतो. पण मोरीतला तो सीन कुणी लिहिला तर मी बघेन.

---

घंटाळीवाला | रविवार, संध्याकाळी ६:१०

'टायटॅनिक'मधला मर्डोक आठवला. जहाजावरचा फर्स्ट ऑफिसर, खरा माणूस, खऱ्या नावाने. सिनेमात तो प्रवाशांवर गोळ्या झाडतो आणि मग स्वतःवर. त्याने तसं केल्याचा पक्का पुरावा नाही. स्कॉटलंडमध्ये डालबीटी नावाचं त्याचं गाव आहे, तिथे त्याला हिरो मानतात. गाव भडकलं. १९९८ मध्ये स्टुडिओचा मोठा अधिकारी तिथे गेला, मर्डोकच्या वृद्ध पुतण्याची माफी मागितली आणि मर्डोकच्या नावाने शाळेत जे बक्षीस देतात त्यासाठी पाच हजार पौंड दिले. त्या सिनेमाने जगभर काय कमावलं ते बघता चणे-फुटाणे. शिवाय सिनेमात गोळ्या अजून झाडतोच आहे तो, दर रविवारी टीव्हीवर.

काल मी जे लिहिलं त्यावर अजून ठाम आहे, पण थोडा कमी.

---

तिसरी घंटा | रविवार, संध्याकाळी ६:४५

ह्याची उलटी गोष्टही आहे. हडसन नदीत विमान उतरवणारा वैमानिक सलनबर्गर, जानेवारी २००९, विमानातले १५५ च्या १५५ वाचले. आता सिनेमा करायचा तर भांडण कुणाशी? पक्षी तर इंजिनात जाऊन मेले. म्हणून २०१६ च्या सिनेमात अपघाताची चौकशी करणारे लोक त्याच्या मागे हात धुऊन लागलेले दाखवले. चौकशीवाल्यांनी आम्ही असे वागलो नव्हतो म्हणून तक्रार केली. पण स्क्रिप्टमधून त्यांची खरी नावं काढायला सलनबर्गरनेच लावली होती. म्हणजे ज्याला हिरो केलं त्यानेच समोरच्यांची काळजी घेतली. आत्यांच्या जातकुळीचा माणूस.

---

कल्याणची | रविवार, रात्री ९:०५

सगळं परदेशी चाललंय, म्हणून घरचं उदाहरण. आनंदीबाई जोशी आमच्या कल्याणच्या, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर, फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या, वय २१. त्यांच्यावर कादंबरी, नाटक, मालिका, सिनेमा सगळं झालं. बहुतेकांच्या डोक्यातले गोपाळराव श्री. ज. जोशींच्या कादंबरीतले आहेत. विक्षिप्त, हट्टी, पण मनाने थोर.

आनंदीबाईंचं अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात त्या लिहितात की लहान वयात तुम्ही लाकडाने मारलंत, खुर्च्या नि पुस्तकं फेकलीत, सोडून जाण्याची धमकी दिलीत. आणि त्याच पत्रात म्हणतात की तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे सांगणं कठीण आहे. वीसेक वर्षांची मुलगी, परक्या देशात, त्याच्याचमुळे डॉक्टर होत असलेली, त्याला हे लिहितेय.

हे कोण पडद्यावर दाखवणार? मार दाखवला तर तो खलनायक होतो, शिकवणं दाखवलं तर देवमाणूस. तिने तर दोन्ही एका कागदावर लिहून ठेवलंय, कुणी काही रचायची गरजच नाही. माझा राग खोटं दाखवण्यावर कमी आहे. खरं हाताशी असताना गुळगुळीत करतात त्यावर जास्त.

(अवांतर: त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पकीप्सीला आहेत, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत. कल्याणात काय आहे विचारू नका.)

---

सुकट बोंबील | रविवार, रात्री ९:३०

सही वाक्य. 'गुळगुळीत'.

---

लाँचवाला | सोमवार, सकाळी ७:५०

भावनेचं तुम्ही बघून घ्या, मी वस्तूंचं बोलतो. शूटिंग उरणात करणार असतील तर त्यांना आधी सांगा: १९८४ मध्ये इथे ट्रेन नव्हती. वाशीला रेल्वे आली १९९२ मध्ये आणि उरणला थेट २०२४ मध्ये. मुंबईला जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच, नाहीतर लाल डबा. न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं १९८९ मध्ये. आज कुठल्याही शेतात कॅमेरा लावा, मागे क्रेनचे दांडे दिसतात, नाहीतर अटल सेतू. कंटेनर तर देवळाच्या मागेही आहेत. ते कॉम्प्युटरवर पुसतील म्हणा.

बायकांच्या लुगड्यांकडेही लक्ष ठेवा. आमच्याकडे चिखलात उतरायचं म्हणून गुडघ्यापर्यंत आवळून नेसायच्या. सिनेमात हमखास घोट्यापर्यंत पायघोळ नऊवारी आणि ठसठशीत नथ. भातलावणीला नथ!

---

खाडीपलीकडची | सोमवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. @पोलीस लाईन, तुमचा प्रतिसाद आत्याला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, त्यांची आई आहे का अजून. कळवाल?

@काळा कोट, कलम आहे. 'आवश्यक ते सर्जनशील बदल'. सातव्या मुद्द्यात.

@लाँचवाला, स्क्रिप्टमध्ये नथ आहे. कंसात लिहिलीय.

---

काळा कोट | सोमवार, रात्री १०:४०

सातव्या मुद्द्यापुढे हाताने लिहून घेता येतं: 'माझ्या खऱ्या नावाने दाखवलेले प्रसंग मला आधी वाचून दाखवले जातील आणि मी नाकारलेला प्रसंग माझ्या नावाने दाखवला जाणार नाही.' दोन्हीकडच्या सह्या घ्या. बरेच निर्माते खळखळ करतात. करू द्यात.

---

घंटाळीवाला | मंगळवार, दुपारी १:१०

सहज विचारतो, आत्यांनी सिनेमावाल्यांना पहिल्यांदा सांगताना शेजारणीचं सांगितलं होतं का? की त्यांना माहीतच नव्हतं?

---

खाडीपलीकडची | मंगळवार, रात्री ११:००

चांगला प्रश्न. मीही तेच विचारलं. रेकॉर्डिंगमध्ये आहे म्हणाली, तीनही दुपारी सांगितलं. त्यांनी ऐकलंही. स्क्रिप्टमधला हात मोडण्याचा तपशील तिथूनच तर आला.

---

खाडीपलीकडची | पुढचा रविवार, रात्री ९:४०

वर काढतेय. आज डायरेक्टर मुलगी गावी आली होती, एकटी. तिशीची असेल. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण आत्याने तिला सरळ चुलीपुढे बसवलं. (गॅस आहे हो. मागच्या पडवीत चूलही आहे, पाहुण्यांसाठी.)

मुलीने सगळं पुन्हा ऐकलं, या वेळी मोबाइल पिशवीत ठेवून. मग प्रामाणिकपणे म्हणाली की निर्मात्याला एकच नायिका हवी आहे. आत्या म्हणाली, मग तिला घ्या, मला काढा. मुलगी म्हणाली, तिला घेते, पण तिच्याबद्दल सांगायला तुमच्याशिवाय कुणी नाही, तुम्हाला कसं काढू? मग दोघी गप्प. तव्यावरची भाकरी फुगली, ती काढली.

त्या गप्पांतून निघालं ते असं. आत्या सिनेमात उशिराच पोचणार. भाकऱ्यांचं फडकं घेऊन, लोक उलटे पळताना. भाषण रद्द. माझा जीव तिथेच भांड्यात पडला. पुढे शेजारीण, तिच्या स्वतःच्या नावाने. दोन नट्या परवडतील का हे मुलगी निर्मात्याशी बोलणार आहे, शब्द दिलेला नाही. आत्यानेही सही केलेली नाही. कागद देवघरात, तांब्याखाली आहे.

जाताना मुलीने भाकरी थापून बघितली. हातावर. फाटली. आत्या म्हणाली परातीत थाप, आणि मग स्वतःच एकदम थांबली. उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने, नुसत्या बोटांनी, पाणी लावत लावत थापून दाखवली. ती कशी थापायची ते. मी इतकी वर्षं आत्याच्या हातचं खातेय, हे तिला येतं ते मला माहीत नव्हतं.

---

तिसरी घंटा | रविवार, रात्री १०:०५

निर्मात्याने नाही म्हटलं तरी हा सीन त्या मुलीच्या डोक्यातून आता कुणी काढू शकत नाही.

---

पोलीस लाईन | रविवार, रात्री १०:३०

आई आहे. ८१ वर्षांची. खोपटला आमच्याकडेच असते. आत्यांना नमस्कार सांगितलाय तिने.

---

मीठागर | रविवार, रात्री १०:४८

शेजारणीच्या माहेरकडचं कुणी?

---

खाडीपलीकडची | बुधवार, रात्री ९:२०

पुतण्या सापडला, पनवेलला असतो. फोनवर आधी म्हणाला किती पैसे, आणि मग लगेच म्हणाला नाही नाही, तसं नाही, काकूचं नाव लावा. दोन्ही खरं असणार.

आता अडलंय फोटोवर. कपडेपटवाल्यांना चेहरा हवाय. तिचा फोटो कुणाकडेच नाही. रेशनकार्ड गेलं, मतदार यादीचं तेव्हाचं काही मिळेना. काल आत्याच्या ट्रंकेतून आमच्या काकांच्या लग्नाचा ग्रुप फोटो निघाला, १९७९ चा, कडा वाळवीने खाल्लेल्या. मागच्या रांगेत अकरा बायका. आत्याने चष्मा पुसला, बोट फिरवत फिरवत डावीकडून चौथीवर ठेवलं. पुढच्या माणसाच्या फेट्याने हनुवटी झाकलीय. कपाळ, डोळे आणि पदर धरलेला उजवा हात तेवढा दिसतो.